ऊन, दिवा, बोलणं की गोळी? बेळगावच्या थंडीत मन खचतं तेव्हा

दिवाळी उरकली की बेळगावातल्या आमच्या शहापुरात संध्याकाळी पाचलाच गारठा जाणवायला लागतो. लागोपाठ तीन वर्षं त्याच सुमाराला माझं मन मिटून जायचं. नऊ तास झोपूनही उठवत नसे, कुणी दारात आलं की नकोसं वाटे आणि भाकरीपेक्षा गोडावर हात जास्त जाई. घरातले म्हणत, "थंडीचा आळस आहे, होय की." पण आळसाला रडू येत नाही. तुम्हीही यातून जात असाल आणि नेमकं काय करावं हे ठरत नसेल, तर मी पडताळून पाहिलेलं इथे मांडते.

थंडीतल्या या उदासीचं पहिलं नीट वर्णन १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. दिवस लहान झाला की मेंदूतलं घड्याळ मागे पडतं, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. लंडनला २१ डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो. बेळगावला त्या दिवशी सुमारे अकरा तास दहा मिनिटं उजेड असतो आणि जूनमधल्या मोठ्या दिवसाशी फरक दोन तासांच्या आतच राहतो. म्हणजे आपल्याकडे उजेड कमी पडत नाही, आपण त्यात जात नाही. दारं-खिडक्या लावून, गोधडीत आठपर्यंत, मग थेट दुकान नाहीतर ऑफिस. त्यात पौषात लग्नकार्यं नसतात, त्यामुळे चार माणसांत जाणंही थांबतं.

म्हणून आपल्या भागापुरतं माझं मत स्पष्ट आहे: उदासीवर वापरतात तो प्रखर उजेडाचा दिवा विकत घेण्याआधी ऊन घ्या. घरात ट्यूबलाइटखाली उजेड दोन-तीनशे लक्स असतो (लक्स म्हणजे उजेडाचं माप). बाहेर धुकं असलं तरी तो काही हजारांवर जातो आणि दुपारच्या स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा सात ते आठ ही वेळ धरा. व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या मैदानावर एक फेरी मारा किंवा नुसतं गच्चीवर बसा. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, डोळ्यांवर उजेड पडला की पुरे. मला फरक जाणवायला दहा-बारा दिवस लागले, पहिल्या आठवड्यात तर चिडचिडच झाली. एक गैरसमज मात्र सोडा. या कोवळ्या उन्हाने 'ड' जीवनसत्त्व फारसं मिळत नाही, त्यासाठी दुपारचं ऊन कातडीवर पडावं लागतं. दोन्ही कामं वेगळी आहेत.

दिव्याचा अनुभव मी लंडनला नणंदेच्या मुलाकडे जानेवारीत राहिले तेव्हा घेतला. सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसायचं, चहा-पेपर चालतो. तिथे ते औषधच आहे, उपयोगही झाला. इथे तो काही हजार रुपयांना पडतो. घेणारच असाल तर १०,००० लक्स किती अंतरावर मिळतात ते वाचा. लहान दिव्यांना तेवढा उजेड देण्यासाठी नाक टेकवावं लागतं. उद्यमबागेत फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्याला किंवा आजारपणाने घराबाहेर पडू न शकणाऱ्याला मात्र दिवा उपयोगी पडेल, वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. ज्यांना कधी अति उत्साहाचे, झोपेशिवाय धावत सुटण्याचे झटके आले आहेत किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे, त्यांनी विचारल्याशिवाय दिवा लावूच नये.

आता बोलण्याचं. उन्हापेक्षा याला मेहनत जास्त, पण टिकतंही जास्त. व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांनी १७७ जणांवर तुलना केली: निम्म्यांना दिवा, निम्म्यांना विचार आणि सवयी बदलण्याचं समुपदेशन. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही गट सारखे सुधारले. दोन हिवाळ्यांनंतर दिव्याच्या गटात ४५.६ टक्क्यांना त्रास परतला, समुपदेशनाच्या गटात २७.३ टक्क्यांना.

पण आपल्या सीमाभागात इथे भाषा आडवी येते. पहिल्यांदा समुपदेशनाला गेले तेव्हा मला कन्नडमधून बोलावं लागलं. बाजारहाटापुरतं कन्नड मला येतं. "जीव कशात रमत नाही" हे सांगायला मात्र माझ्याकडे त्या भाषेत शब्दच नव्हते. झोप येत नाही का, भूक लागते का, एवढ्यावर उत्तरं देऊन परतले आणि घरी येऊन जास्तच एकटं वाटलं. त्यामुळे भेट ठरवतानाच विचारा, मराठीतून बोलणारं कुणी आहे का? संकोच करू नका, हे उपचाराचंच अंग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा १४४१६ वर मोफत, चोवीस तास चालते आणि त्यात मराठी निवडता येते. निपाणी-खानापूरकडच्या खेड्यांतून शहर गाठणं जमत नसेल तर सुरुवात तिथूनच करा. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था बेळगावहून दीड-दोन तासांवर आहे.

गोळीबद्दल थोडक्यात. उदासी दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर राहिली, कामधाम सुटलं, तर ऊन पुरत नाही. गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नसते. डॉक्टरकडे जाण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. माझं थायरॉइड बिघडलेलं निघालं, अर्धा थकवा तिथलाच होता. आणि जगणं नको असं मनात येत असेल तर यातलं काही तोलत बसू नका, त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगून डॉक्टरकडे जा किंवा १४४१६ लावा.

त्रास दरवर्षी त्याच दिवसांत येत असेल, तर थंडी पडण्याची वाट बघू नका. मी आता दसऱ्यापासूनच सकाळी बाहेर पडते आणि समुपदेशनाची पहिली भेट दिवाळीआधी ठरवून टाकते. शेजारच्या काकूंनाही फिरायला सोबत घेतलंय. गोधडीत पडून राहावंसं वाटलं, तरी त्या सातला दार वाजवतात.