लॅग जात नाही: केबल, मेश, नवा राउटर की नवं कनेक्शन?

गेम चालू असताना पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन डेटाला लागणारा वेळ, २५ मिलिसेकंदांवरून एकदम ३०० वर जातो, मीटिंगमध्ये आवाज तुटतो, आणि स्पीड टेस्ट मात्र पुरे १०० एमबीपीएस दाखवते. अशा वेळी बरेच जण आधी प्लॅन वाढवतात आणि पैसे वाया घालवतात. बहुतेक ऑनलाइन गेमना १ एमबीपीएससुद्धा लागत नाही, व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात. डेटा वाटेत कुठेतरी अडकतोय. ती जागा सापडली की कशावर खर्च करायचा ते आपोआप ठरतं.

लॅग येतो त्याच वेळी, नेहमीच्या जागेवर बसून, विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. शेवटी ‘वजा टी’ (-t) जोडलं की थांबवेपर्यंत पिंग चालू राहतो. राउटरचा पत्ता ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) या कमांडमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसतो, बऱ्याच घरी तो १९२.१६८.१.१ असतो. दोन्हीकडे आकडे एकाच वेळी उसळले तर दोष घरातल्या वाय-फायचा. राउटर २ ते ५ मिलिसेकंदांवर स्थिर आणि दुसरीकडेच उड्या, तर अडचण राउटरच्या पुढे आहे. राउटरचा एखाददुसरा आकडा चढला तर सोडून द्या, पिंगला उत्तर देणं हे त्याच्या कामांत सर्वांत शेवटी येतं.

वाय-फायचा दोष: केबल की मेश

आमचा कौल स्पष्ट आहे: जिथे केबल नेता येते तिथे केबलच. गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशी एक भिंत कसाबसा ओलांडतो, दुसऱ्या भिंतीत दम सोडतो. चिरा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की सिग्नल आणखी पडतो.

मेश म्हणजे घरात जागोजागी ठेवलेले, मिळून एकच वाय-फाय देणारे डबे. त्यामुळे घरभर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण दोन डबे एकमेकांशी वाय-फायनेच बोलत असतील तर प्रत्येक टप्प्यावर उशीर वाढतो, आणि त्याच भिंती त्यांच्याही मध्ये येतात. दोन डब्यांमध्ये केबल टाकली तर मेश उत्तम चालतो. घरभर फोन आणि टीव्ही चालवायचे असतील तर तसा मेश घ्या. एकाच टेबलावरचा गेम किंवा ऑफिसचं काम असेल तर नुसती केबल पुरे. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे अडॅप्टर जुन्या वायरिंगवर भरवशाचे नाहीत.

केबल कॅट ६, शुद्ध तांब्याची, मीटरला साधारण २० ते ३० रुपयांची. त्याहून बरीच स्वस्त मिळाली तर एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती वाकवताना तुटते आणि प्लगपाशी सैल पडते. आठपैकी एक तार जरी नीट बसली नाही तरी जोडणी गिगाबिटवरून (१००० एमबीपीएस) १०० एमबीपीएसवर घसरते किंवा जुळतच नाही. बल्कावातून (घरापुढच्या ओसरीतून) किंवा बाहेरून न्यायची असेल तर काळ्या वेष्टणाची, उन्हाला टिकणारी केबल घ्या आणि भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी आत न जाता तिथेच ठिबकेल. घरापासून वेगळ्या खोलीपर्यंत अंगणातून तांब्याची केबल नेऊ नका. मे आणि ऑक्टोबरातल्या विजांनी दोन्ही टोकांची उपकरणं जळू शकतात. तिथे फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला केबलशी जोडणारा डबा) लावा.

केबल अशक्यच असेल तर आधी फुकटचे उपाय करा. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ पक्का करा. मधल्या चॅनलवर रडारचा संकेत जाणवला की राउटरला चॅनल सोडावा लागतो आणि वाय-फाय तुटतं. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११, आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

राउटरच्या पुढचा दोष

आता एक मोठा व्हिडिओ अपलोडला लावून दुसरी खिडकी बघा. पिंग २० वरून दीडशे-दोनशेवर गेला आणि अपलोड थांबवताच उतरला, तर रांग तुमच्याच अपलोडची आहे. फोनचा फोटो बॅकअप आणि क्लाउडवर चित्रण पाठवणारे कॅमेरे हे नेहमीचे गुन्हेगार. बॅकअप रात्रीवर ढकलणं फुकटात होतं. पक्का इलाज म्हणजे एसक्यूएमची, म्हणजे डेटाची रांग लांबू न देणारी, सोय असलेला राउटर. त्यात डाउनलोड आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवायची: ९५ मिळत असतील तर ८२-८५. थोडा वेग जातो, झटके जातात. ३०० एमबीपीएसच्या पुढे मात्र स्वस्त राउटरचा प्रोसेसर यात दमतो, हे घेण्याआधी पाहा.

अपलोड नसतानाही पिंग उसळत असेल तर राउटर बदलून काही होणार नाही. फायबरच्या डब्याच्या सेटिंग पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, पाहा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम ठीक. उणे २७ म्हणजे काठावर. कोरड्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. पावसानंतर तो दोन-तीन डीबीने घसरला तर बाहेरच्या जोडात पाणी शिरलंय किंवा माडाची झावळी पडून खांबावरची तार ताणली गेलीय. आधी घरातली पिवळी तार कपाटामागे चेपली नाही ना, तेवढं बघा. तक्रारीत वेळ आणि कोरड्या दिवशीचा व पावसानंतरचा असे दोन्ही आकडे द्या. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की राउटर रीस्टार्ट करा एवढंच ऐकायला मिळतं. लाईट गेल्यावर डबा बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर लेबलवरचा व्होल्ट-अँपिअर जुळवून छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या.

फायबर की एअरफायबर

फायबर मिळत असेल तर लॅगसाठी तेच. ५जी एअरफायबरमध्ये नेट तारेऐवजी मोबाइल टॉवरवरून येतं, आणि टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. डिसेंबरात कळंगुट-बागा पट्ट्यात संध्याकाळी पिंग स्थिर राहील अशी अपेक्षा धरू नका. सत्तरी, सांगे, काणकोणच्या ज्या वाड्यांवर फायबर पोचलेलं नाही, तिथे मात्र तो चांगला पर्याय आहे. एकदम वर्षाचे पैसे न भरता महिन्याचा प्लॅन घ्या आणि रात्री ८ ते ११ पिंग मोजा.

पिंग किती कमी होऊ शकतो यालाही मर्यादा आहे. पणजी ते मुंबई साधारण ६०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन निदान ६ मिलिसेकंद जाणारच. २०-२५ वर स्थिर असेल तर तो आणखी खाली आणायला पैसे घालू नका.