झुरळं मारायचं जेल: काही महिने वापरल्यावरचं मत

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो. स्वयंपाकघरात फिरणाऱ्या लहान, फिकट तपकिरी झुरळांवर जेल, म्हणजे फटींशी ठिपके लावायचं विष घातलेलं गोड आमिष, चालतं, आणि फार चांगलं चालतं. मोरीच्या जाळीतून वर येणाऱ्या मोठ्या, लालसर झुरळांसाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. पाकिटावर बहुतेक वेळा नुसतं 'झुरळांसाठी' एवढंच छापलेलं असतं. लोक एकच नळी दोन्हीकडे लावतात आणि मग जेल फालतू आहे म्हणून मोकळे होतात.

लहान जात म्हणजे जर्मन झुरळ. जेमतेम दीड सेंटिमीटर लांब, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. मोठं ते अमेरिकन झुरळ, साडेतीन-चार सेंटिमीटरचं. जर्मन झुरळ माणसाच्या घराबाहेर जवळपास जगतच नाही. ओट्याखाली, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी, कपाटाच्या बिजागरीमागे, जिथे पाठ आणि पोट दोन्ही टेकेल अशा चिंचोळ्या फटीत ते दिवसभर बसून राहतं. आपल्याला रात्री दिवा लावल्यावर दिसतात ती त्यातली थोडीच. दिवसाउजेडी झुरळं दिसायला लागली की आतल्या फटी भरल्या आहेत असं समजावं.

मी वापरलेल्या पहिल्या जेलमध्ये इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक होतं, २.१५ टक्के. नंतर बदलून फिप्रोनिल या दुसऱ्या कीटकनाशकाचं घेतलं, ते ०.०५ टक्के. दोन्ही सिरिंजमध्ये येतात. लावताना ठिपका तीन-चार मिलिमीटरचाच ठेवायचा आणि फटीच्या तोंडाशी, थोडा आत टेकवायचा. जाड रेघा ओढू नका. थोड्या जागी भरपूर लावण्यापेक्षा पुष्कळ जागी थोडं थोडं लावलं तर जास्त झुरळांना ते सापडतं, कारण ती खाण्यासाठी लपायच्या जागेपासून फार लांब जात नाहीत. माझ्याकडे सगळ्यात जास्त फस्त झालेले ठिपके बिजागऱ्यांचे, सिंकखालच्या पाइपच्या भोकापाशी लावलेले आणि मिक्सरच्या बुडाजवळचे. भिंतीच्या मधोमध लावलेले तसेच वाळून गेले.

पहिल्या रात्री टॉर्चवर लाल कागद लावून बघत बसलो होतो, कारण लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही. बिजागरीच्या फटीतून आधी दोन मिशा बाहेर आल्या, बराच वेळ नुसत्या हलत राहिल्या. मग एक झुरळ निम्मं बाहेर आलं, ठिपक्याला तोंड लावलं आणि तिथून हललंच नाही. मागून दुसरं आलं ते त्याच्या पाठीवरून चढून पलीकडच्या कडेला जेवायला बसलं. खाऊन झाल्यावर दोन्ही पुन्हा आत. मेलं काहीच नाही. ज्याला लगेच परिणाम हवा असतो त्याची इथे निराशा होते, पण सगळी मेख त्या आत परत जाण्यातच आहे.

झुरळाची पिल्लं सुरुवातीला फटीतून फारशी बाहेर पडत नाहीत. ती मोठ्यांची विष्ठा खाऊन वाढतात, मेलेलं झुरळही खातात. त्यामुळे जेल खाऊन आत गेलेलं झुरळ स्वतः तर मरतंच, पण ठिपका कधी न पाहिलेल्या पिल्लांपर्यंतही विष पोचवतं. हे व्हायला वेळ लागावा म्हणून औषध मुद्दाम सावकाश काम करणारं असतं. दोन-तीन दिवसांत दिवसाढवळ्या ओट्यावर उलटी पडून पाय झाडणारी झुरळं दिसायला लागतात. किळस येते, पण ते बरं लक्षण आहे. केरसुणीनं गोळा करून टाका, हातानं उचलू नका.

आणि या काळात कृपा करून स्प्रे मारू नका! ही एक गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. फवाऱ्यातली बहुतेक औषधं पायरेथ्रॉइड जातीची असतात आणि झुरळांना ती जागा सोडून पळायला लावतात. समोरची चार मरतात, उरलेली भिंतीपलीकडे किंवा शेजारच्या कपाटात सरकतात. त्यात ठिपक्यावर फवारा उडाला तर त्याला पुन्हा कोणी तोंड लावत नाही. ठिपक्याशेजारची जागा फिनेलनं पुसली तरी तोच प्रकार. मी जेल लावलेल्या फटींच्या आसपास फक्त साध्या ओल्या फडक्यानं पुसतो.

जेल लावून विसरून जाणाऱ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची पेटी पोटाच्या टोकाला धरून फिरते आणि पिल्लं बाहेर पडायच्या जेमतेम आधी ती सोडते. एका पेटीत तीस-चाळीस अंडी. पेटीच्या आत औषध पोचत नाही. म्हणजे पहिल्या लाटेत मोठी झुरळं मेली तरी पाठोपाठ नवी पिल्लं येतातच, आणि तेव्हा खायला ताजं जेल लागतं. गॅसजवळचे ठिपके उष्णतेनं लवकर कडक होतात, सिंकखालचे जास्त टिकतात. मी आठवड्यातून एकदा टूथपिकनं टोचून बघतो. टोक आत गेलं तर ठीक, नाहीतर खरवडून नवा लावतो.

काम होतंय की नाही हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा चिकट सापळे लावा. पुठ्ठ्याचे, आत गोंद असलेले. त्यांनी झुरळं संपत नाहीत, पण हिशेब कळतो. सुरुवातीला माझ्या फ्रिजखालच्या सापळ्यात सगळ्या वयाची अडकत होती. पुढे फक्त बारीक, काळपट पिल्लं. म्हणजे मोठी संपली, पेट्या फुटताहेत. नंतर सापळा बहुतेक रिकामाच. मधेच एकदा आकडा पुन्हा वाढला आणि ठिपके मात्र तसेच राहायला लागले, तेव्हा मी इमिडाक्लोप्रिड सोडून फिप्रोनिलवर गेलो आणि फरक पडला. एकच आमिष कायम वापरू नये याला कारण आहे. काही जर्मन झुरळांना ग्लुकोज कडू लागतं, आणि ग्लुकोज असलेलं आमिष ती टाळतात. त्यांच्या चवीच्या पेशींमध्ये नेमका काय बदल झाला आहे ते २०१३ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. आमिषातलं गोड टाळणारी जगली आणि त्यांचीच पिलावळ वाढली. औषध बदलताना आमिषही वेगळं आहे ना ते बघा.

तक्रारी आहेत. सिरिंजचं टोक दर वेळी सुकून बंद होतं आणि जोर लावला की एकदम भसकन मोठा गोळा बाहेर पडतो. सोबतच्या चिठ्ठीतली अक्षरं भिंगाशिवाय वाचता येत नाहीत, आणि ठिपका केवढा हे नेमकं तिथेच लिहिलेलं. मुंग्यांना हे गोड फार आवडतं, माझ्या खिडकीजवळचा एक ठिपका त्यांनीच संपवला. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर उघड्यावर एकही ठिपका नको. फिप्रोनिल मधमाश्यांनाही अतिशय घातक आहे, त्यामुळे बाल्कनीतल्या कुंड्यांपाशी लावायचा विचारही करू नका.

मोठ्या झुरळांचा बंदोबस्त मी जेलनं केलाच नाही. त्यांचं बिऱ्हाड ड्रेनेजमध्ये असतं, घरात ती फक्त फेरी मारायला येतात. मोरीला बारीक जाळी, रात्री झाकण, पाइप भिंतीत शिरतो तिथल्या भोकात सिमेंट, दाराखाली रबरी पट्टी, एवढ्यावर ती जवळपास थांबली. आवाजानं झुरळं पळवणारी म्हणून विकतात ती यंत्रंही आधी एकानं दिलेली होती, प्लगला लावायची. त्यांच्या बाजूला झुरळं निवांत बसलेली असत. अशा यंत्रांच्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ साली साठावर उत्पादक-विक्रेत्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती, तरी ती विकली जातातच.

जेलच्या बरोबरीनं पाणी तोडणं महत्त्वाचं. जर्मन झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, पण अन्नपाणी दोन्ही बंद झालं तर साधारण दोन आठवड्यांत मरतं. रात्री सिंक कोरडं करणं, गळका नळ दुरुस्त करणं, ओला स्पंज उचलून ठेवणं आणि कचऱ्याच्या डब्याला झाकण. खरकटं तसंच ठेवून जेल लावलं तर झुरळं जेलकडे कशाला येतील?

एवढी उठाठेव कशासाठी, असं घरात विचारणारेही होतेच. झुरळ डासासारखं चावून रोग देत नाही, पण गटारातून आणि कचऱ्यातून फिरलेल्या पायांनी ताटावर चालतं. साल्मोनेला, शिगेला असे जुलाब-हगवणीचे जंतू त्याच्या अंगावर आणि विष्ठेत सापडले आहेत. मला जास्त चिंता दम्याची होती. झुरळांची विष्ठा, लाळ आणि कातीचा चुरा धुळीत मिसळतो आणि त्याची ॲलर्जी होते. १९९७ मध्ये अमेरिकी शहरांतल्या दमेकरी मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीतही ती धूळ भरपूर होती, त्यांच्यावर इस्पितळात भरती व्हायची वेळ इतरांपेक्षा तिपटीहून जास्त वेळा आली होती.

जेल ही धूळ काढत नाही. झुरळं मेल्यावरही ती महिनोन्महिने तशीच राहते. म्हणून सापळे रिकामे राहायला लागल्यावर मी कपाटं पुढे ओढली, फटींमधले विष्ठेचे काळे दाणे आणि रिकाम्या पेट्या व्हॅक्यूमनं ओढून घेतल्या, मग ओल्या फडक्यानं दोनदा पुसलं. तोंडाला मास्क लावून. त्यानंतरच फटी सिलिकॉननं बुजवल्या. बिजागऱ्या आणि फ्रिजच्या मागची जागा तेवढी उघडी ठेवली आहे. तिथे अजून एकेक ठिपका आणि एकेक सापळा असतोच.