बोटाचं ऑक्सिमीटर: तान्ह्या बाळासाठी घेऊ नका

वडिलांच्या दम्यासाठी ४ तारे, बाळासाठी १. तोही शून्य देता येत नाही म्हणून.

जुलैत खानापुरात पाऊस धरून होता. बाळ तीन दिवसांचं, आदल्या दिवशीच घरी आणलेलं. ओठ निळसर दिसालते. आई म्हणाली, "थंडीनं झालंय, गुंडाळ की नीट." नुसते हातपाय निळे असते तर तिचं बरोबर होतं, पहिले एक-दोन दिवस तसं असतंय. पण बाळ रडताना बायकोला जीभ दिसली, जांभूळ खाल्ल्यासारखी. "दूध ओढताना दमालंय बघा," म्हणाली. मी मेडिकलात पळालो. दुकानदारानं १,४०० रुपयांचा चिमटा दिला, "सगळ्या वयाला चालतंय."

पायाच्या अंगठ्याला लावला. रक्तातला ऑक्सिजन दाखवला ६१ टक्के. परत लावला, ९७. मग नुसत्या रेघा. त्या ९७ वर आम्ही तासभर गप्प बसलो, त्याचा राग अजून येतो. या चिमट्यात एका बाजूनं उजेड पडतो, दुसऱ्या बाजूनं तो मोजला जातो. एवढ्याशा अंगठ्याला चिमटा बसतच नाही, उजेड कडेनं निसटतो, त्यात बाळ पाय झाडतं.

बेळगावात दवाखान्यात सिस्टरनी मशीनची मऊ पट्टी आधी उजव्या तळहाताला गुंडाळली, मग पायाला. ७२ आणि ७४. ऑक्सिजन देऊनही आकडा जागचा हलेना, तेव्हाच डॉक्टरांनी हृदयाचा संशय घेतला. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसलं, महाधमनी उजव्या कप्प्यातून निघालेली आणि फुप्फुसाची धमनी डाव्यातून. म्हणजे अशुद्ध रक्त अंगातच फिरतंय, शुद्ध रक्त फुप्फुसातच. दोन्हींची थोडी सरमिसळ करणारी, बाळ आईच्या पोटात असतानाची हृदयाजवळची जुनी नळी जन्मानंतर काही दिवसांत मिटते. ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावलं. त्या औषधानं बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून बंगळूरपर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर सोबत होते. बाराव्या दिवशी धमन्यांची अदलाबदल करायचं ऑपरेशन झालं. बाळ आता दीड वर्षाचं आहे, चपला पळवतंय.

पैसे घालायचेच असतील तर चिमट्यात घालू नका. जन्मानंतर २४ तासांनी, डिस्चार्जच्या आधी, उजवा हात आणि एक पाय पट्टीवाल्या मशीनवर तपासून मागा. दोन्हीकडे ९५ किंवा वर हवं, फरक ३ च्या आत. ९० च्या खाली गेलं तर घरी नेऊच नका. याच्यातून सगळेच दोष सापडतात असं नाही, पण काही मिनिटांचं काम आहे. आमचं कुणी केलं नाही, आणि विचारायचं असतंय हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

वडिलांच्या बोटाला मात्र चिमटा चोख चालतो. ते हात मांडीवर ठेवून गप्प बसतात, आकडा लगेच स्थिर होतो. नंतर एकदा सहज खोकं उलटं करून बघितलं, तर तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं, फक्त प्रौढांसाठी. तेच खोकं घेऊन मेडिकलात गेलो. दुकानदारानं चष्मा लावून दोनदा वाचलं. आता कोणासाठी पाहिजे ते विचारून मगच देतोय.