'द रॅन्सम ऑफ रेड चीफ': कोणता चित्रपट, कोणत्या नोट्स

अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची ही कथा 1907 साली पहिल्यांदा छापून आली. सॅम आणि बिल हे दोन भामटे अलाबामातल्या समिट गावातून डॉर्सेट नावाच्या सावकाराचा दहा वर्षांचा पोरगा पळवतात, आणि पोरगा त्या दोघांना असा छळतो की शेवटी त्यांनाच पदरचे पैसे मोजून त्याला परत द्यावं लागतं. खरी मजा मात्र सॅमच्या सांगण्यात आहे. गाव घावनासारखं सपाट, नाव मात्र समिट, म्हणजे शिखर. बिलला म्हणायचं असतं 'मेंटल ॲबरेशन', डोकं फिरणं. तोंडातून निघतं 'ॲपरिशन', म्हणजे भूत. पडद्यावर नेताना नेमकी हीच भाषा गळते.

1952 च्या 'ओ. हेन्रीज फुल हाउस'मध्ये पाच कथा आहेत. त्यातली ही हॉवर्ड हॉक्सने केली, पण चित्रपट प्रदर्शित झाल्यावर ती प्रिंटमधून काढून टाकली होती. त्यामुळे हाती आलेल्या प्रतीत कथा मोजून घ्या. चारच निघाल्या तर तुम्हाला हवी तीच नाही. फ्रेड ॲलन आणि ऑस्कर लेव्हंट कोरड्या चेहऱ्याने बोलतात. बोलणं छान आहे, पण लेव्हंटचा बिल घाबरत नाही, आणि बिल घाबरल्याशिवाय या कथेत काही उरत नाही.

सोव्हिएत दिग्दर्शक लिओनीद गायदाईचा 1962 चा 'देलोव्ये ल्यूदी' आमच्या मते सगळ्यांत सरस. तीन कथांपैकी ही तिसरी. वर्गात दाखवायची तर पहिली सोडून द्या, ती गंभीर आहे. किडकिडीत व्हिटसिनचा सॅम आणि धिप्पाड स्मिर्नोव्हचा बिल. एवढा मोठा माणूस एका पोरापुढे गळून जातो, हे बघायला रशियन यावं लागत नाही. खंडणीची पत्रं आहेत, त्यांच्यासाठी तेवढी सबटायटल्स लागतील.

1998 चा बॉब क्लार्कचा टीव्हीपट (ख्रिस्तोफर लॉइड, मायकल जीटर, हेली जोएल ऑस्मेंट) घरी मुलांबरोबर बघायला बरा. पण अर्ध्या तासाची कथा पूर्ण लांबीच्या चित्रपटाएवढी ताणली की सैल पडणारच. अभ्यासाला नको.

आता अभ्यासाचं साहित्य. मूळ मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, 1910 च्या 'व्हर्लिगिग्ज' संग्रहात. लेखकही त्याच वर्षी गेला, म्हणजे भारतात कॉपीराइट कधीच संपला. मराठीत भाषांतर करून वर्गात वाटायला कुणाची परवानगी लागत नाही. लिब्रिव्हॉक्स या फुकट श्राव्य पुस्तकांच्या संकेतस्थळावरची वाचनं स्वयंसेवकांची, दर्जा कमीजास्त. पहिली दोन मिनिटं ऐका: गावाचं नाव सांगून झाल्यावर येणारं 'ऑफ कोर्स' वाचणारा घाईने गिळत असेल तर दुसरं वाचन शोधा.

तयार नोट्समध्ये सारांश आणि 'सिच्युएशनल आयरनी' (घडायला हवं त्याच्या उलटच घडणं) एवढंच मिळतं. शब्दांचा घोळ कुणी उलगडून दाखवत नाही. त्यापेक्षा मुलांना रकमा मांडायला लावा. दोघांच्या खिशात 600 डॉलर, धंद्याला आणखी हवेत 2000, बिलच्या गयावया करण्याने खंडणी येते 1500 वर, आणि बापाचं उत्तर: तुम्हीच 250 द्या, मी पोरगा परत घेतो. उत्तरात एक सल्लाही असतो, रात्री या, कारण पोरगा हरवला असं शेजारी समजताहेत आणि त्याला परत आणणाऱ्याचं ते काय करतील याची हमी मी देत नाही. हे वाक्य मुलांकडून वाचून घ्याच. अख्खं गाव त्या पोराला किती कंटाळलंय ते त्यातच कळतं.

पोराने स्वतःला दिलेलं 'रेड चीफ' हे नाव आणि डोक्याची कातडी सोलायचा खेळ यामागे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दलची तेव्हाची साचेबंद कल्पना आहे. नोट्समध्ये ते नसेल तर शिक्षकाने आपणहून सांगावं, तेही वाचन सुरू करण्याआधी; मधेच थांबून सांगायला गेलं की सॅमची लय तुटते. कथा साधारण 4000 शब्दांची, मोठ्याने वाचायला अर्धा तास लागतो, म्हणून वाचन एका तासिकेत आणि गायदाई दुसऱ्या तासिकेत ठेवा.