जुन्या पेल्मेटवर बाग प्रिंट : दिवाळी ते पावसाळा

गेल्या दिवाळीआधी बैठकीतल्या खिडकीचं जुनं पेल्मेट, म्हणजे पडद्याचा दांडा झाकणारी वरची लाकडी पेटी, मोडीत न काढता त्यावर कापड चढवलं. आता पावसाळा सरत आलाय, म्हणजे इंदूरचा उन्हाळाही त्यानं पाहिला. कापड टिकलंय, खोलीला शोभतंय, आणि पुन्हा करायचं झालं तर असंच करीन. कटकट आहे ती धुळीची, तिच्याबद्दल पुढे.

पेल्मेट सागवानी व्हिनियरच्या १२ मिमी प्लायचं, पॉलिश पार काळवंडलेलं. सुतार म्हणाला, "भाभीजी, इससे अच्छा तो नया बनवा लो." पण ठोकून पाहिलं तर आवाज खणखणीत, वाळवी कुठेच नाही. मग नवं कशाला?

गावाकडचा साधा थाट हवा म्हटलं की सगळे चौकडीचं कापड सुचवतात. मी ते टाळलं. ताणताना जरा तिरकं गेलं की खालच्या कडेशी रेघ चढत जाते, आणि समोर बसलेल्या पाहुण्याची नजर नेमकी तिथेच. जाऊबाई माहेश्वरी घ्या म्हणत होत्या. त्या तलम रेशमी-सुती विणीत पिन मारून ताणलं की धागे सरकतात, शिवाय ते कापायला जीव होत नाही ते वेगळंच. शेवटी आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातल्या बाग गावची ठशांची छपाई, म्हणजेच बाग प्रिंट, घेतली : पांढऱ्या सुतीवर लाल-काळी बुट्टी. तो लाल तुरटी आणि अलिझरीनचा, काळा लोखंडाच्या गंजाचा.

कापडाचा हिशेब नीट समजून घ्या, दुकानात उपयोगी पडेल. पेल्मेट ५ फूट लांब, दोन्ही बाजू ६-६ इंच, उंची ९ इंच. दुमडायला चहूकडून ३ इंच धरले की साडेसहा फूट बाय १५ इंच. ४४ इंच पन्ह्याचं कापड आडवं कापलं तर मध्ये जोड येतो. म्हणून लांबीतच कापायचं. धुतल्यावर आटेल ते धरून सव्वादोन मीटर पुरतं, आणि तेवढ्यात दुसऱ्या खिडकीचीही पट्टी निघते. फक्त बुट्टी चारी बाजूंनी सारखी दिसणारी हवी, नाहीतर फुलं आडवी झोपतात. लावण्याआधी कापड रात्रभर पाण्यात ठेवून धुतलं. बाग प्रिंटचा रंग पहिल्या पाण्याला थोडा सुटतोच.

फोम वापरला नाही. उन्हानं तो पिवळा पडून भुगा होतो. त्याऐवजी जुनी सोलापुरी चादर कापून लावली, तिची नक्षी आरपार दिसू नये म्हणून वर मांजरपाट, मग छापील कापड. स्टेपलर गनमध्ये ८ मिमीच्या पिना. मधून सुरुवात करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं ताणत गेले. कोपरे शेवटी, पाकिटासारखे दुमडून. पेल्मेट उतरवायला आणि चढवायला दोन माणसं हवीतच, हे ह्यांना दोनदा सांगावं लागलं.

खिडकी पश्चिमेची, तरी समोरचा रंग होता तसा आहे, कारण ऊन पाठीमागच्या प्लायवर पडतं. खालची दुमड तेवढी जराशी फिकट झालीय. पावसाळ्यात मधला भाग किंचित सैल पडला. मागून थोड्या पिना काढून पुन्हा ताणला, काम झालं. मागच्या काही पिनांना गंज धरलाय, पण कापडावर डाग नाही.

आता धूळ. कापडावर ती फारशी दिसत नाही, वरच्या फळीवर मात्र थर साचतो आणि पुसायला गेलं की कापडावर सांडतो. ओलं फडकं लावू नका, चिखल होतो. आधी व्हॅक्यूमचा ब्रश, मग कोरडा रंगाचा ब्रश. आतल्या बाजूला पालीनं बिऱ्हाड केलंय, पण ती पॉलिशच्या काळापासूनची भाडेकरू आहे, तिचा दोष कापडाला देता येणार नाही.

उरलेली पट्टी सासूबाईंच्या खोलीत लागेल. स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र हे करू नका. फोडणीच्या तेलकट वाफेवर धूळ चिकटली की पिना उपसून सगळं कापड धुवायला काढावं लागेल. तिथे पेल्मेट रंगवलेलंच बरं.