पुण्यात रोज पळायला कुठली टेकडी, तळजाई का वेताळ?

सहकारनगर नाहीतर धनकवडीत राहत असाल तर विचारच करू नका, तळजाईला जा, कारण घराजवळची टेकडी सोडून लांब गाडी मारत जाणाऱ्यांचा उत्साह फार टिकत नाही असं मी आजूबाजूला बघितलंय. पण घर म्हात्रे पुलाच्या आसपास असेल आणि दोन्हीकडे थोडाफार सारखाच वेळ लागत असेल तर मात्र निवडावं लागतं. मी दोन्हीकडे भरपूर चाललोय आणि पळलोय, त्यावरून सांगतो.

तळजाईची मोठी सोय म्हणजे गाडी थेट वर जाते आणि वर पोचलं की बराचसा भाग सपाट, मातीचा, रुंद, झाडीतून जाणारा. नुकतंच पळायला लागलेल्यांना किंवा आईवडिलांना सोबत नेणाऱ्यांना याहून बरी जागा शहरात सापडणार नाही, मोर हमखास ऐकू येतात, बाहेर आलं की रस, ताजी भाजी सगळं मिळतं. माणसांची जाग असते त्यामुळे एकट्या बाईलाही बरं वाटतं, हा मुद्दा छोटा नाही.

पण तीच माणसांची जाग मला नडली. सकाळी साडेसहा-सातला रस्ताभर घोळके असतात, पाच जण आडवे, त्यातला एक जण उलटा वळून बोलत चाललेला, एकाच्या खिशात स्पीकरवर गाणी. तुम्ही मागून "काका, साइड" म्हणता, मग डावीकडचे उजवीकडे येतात, उजवीकडचे डावीकडे, आणि तुम्ही मध्ये थांबलेले. हे दर दोन मिनिटांनी. चालणाऱ्याला याचं काही वाटणार नाही, त्यांचीही टेकडी आहेच, पण पळताना एकदा श्वास लागला की तो तुटला नाही पाहिजे, आणि तळजाईला सुट्टीच्या दिवशी माझा तो कधीच टिकला नाही. पहाटे लवकर गेलात तर कदाचित तुमचा अनुभव वेगळा असेल.

वेताळ टेकडीवर ही गर्दी चढच गाळून टाकतो. पुणे साधारण 560 मीटरवर आणि वेताळाचं देऊळ 800 च्या आसपास, शहरातली सगळ्यात उंच जागा, त्यामुळे लॉ कॉलेज रोडला कांचन गल्लीतून चढलात की सुरुवातीलाच दम निघतो. रविवारी खाणीपर्यंत इथेही माणसं असतात, त्यापुढे मात्र विरळ होत जातात आणि माथ्यावर सलग पळता येतं, हवा स्वच्छ असेल तर समोर सिंहगड दिसतो. चढ नकोच असेल तर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने डांबरी रस्ता वर येतो, पण मग निम्मी मजा गेली.

इथला त्रास म्हणजे उतारावरचा घसारा. कातळावर सुटा मुरूम पसरलेला असतो आणि रोडचे गुळगुळीत सोलवाले बूट त्यावर सरळ सरकतात, म्हणून खोल खाचांचे ट्रेलचे बूट घ्या, उतरताना मागे रेलू नका, गुडघे थोडे वाकवून छोटी छोटी पावलं टाका. मला आठवड्याभरात सवय झाली. अंधारात एकट्याने जाऊ नका. उन्हाळ्यात सावलीची अपेक्षा दोन्हीकडे ठेवू नका, लागवडीत आलेलं गिरिपुष्पाचं झाड भरपूर आहे आणि ते नेमकं तेव्हाच निष्पर्ण होतं. पावसाळ्यात मात्र वेताळवर नवरंग पक्षी येतो, सकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू आली की मी सरळ थांबतो, पळण्याचा वेग मोडला तरी चालेल.

आणि ही टेकडी आपसूक टिकलेली नाही. टेकडीतून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांच्या प्रस्तावाविरुद्ध एप्रिल 2023 मध्ये लोक रस्त्यावर उतरले होते. वर जाणारी माणसं असतील तरच तिच्यासाठी बोलणारी असतील असं मला मनापासून वाटतं.

पायऱ्यांचाच व्यायाम हवा असेल तर पर्वती आहेच, 103 पायऱ्या, वरखाली करत बसा. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर तळजाई, तीही शक्यतो मधल्या वारी. बाकी कुणी विचारलं तर मी वेताळच सांगेन, पहिले काही दिवस गोखलेनगरकडून नुसतं चालत चढा, वाटा पायाखालच्या झाल्या की मग पळा.