त्र्यंबकची बाजू की निफाडची? गावाकडं घर बघताय तर आधी न्याहारीचं बघा

नाशकात हल्ली बऱ्याच जणांचं हेच चाललंय, गावाकडं एखादं घर भाड्यानं घ्यायचं, शनिवार-रविवार किंवा मुलांच्या सुट्टीत महिनाभर तिकडं राहायचं, फोन बाजूला, सकाळी सगळ्यांनी चुलीपाशी बसून गरम भाकरी खायची. छानच आहे. पण कुठल्या बाजूला घ्यायचं हे लोक डोंगराचे फोटो बघून ठरवतात. मी म्हणेन न्याहारीवरून ठरवा, कारण पाणी, सरपण, दळण, भाजी, लाईट सगळं त्या एका तासात कळतं.

नाशिकच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळे जिल्हेच म्हणा. पश्चिमेला त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, म्हणजे भात, नागली (नाचणी), वरई आणि पाऊस. पूर्वेला दिंडोरीचा खालचा भाग, निफाड, पुढं येवला, म्हणजे द्राक्ष, कांदा, गहू, बाजरी. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि निफाडला जेमतेम ५००-६००, अंतर मात्र गाडीनं दोन तासांच्या आतलं.

त्र्यंबकच्या बाजूची सकाळ बघायला जास्त देखणी, यात वाद नाही. ब्रह्मगिरीवरचे ढग उतरत असतात, भातखाचरात पाणी भरलेलं, आणि पानात नागलीची भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, वर कच्चा कांदा. ही भाकरी ज्यांना रोजची सवय नाही त्यांनी पहिल्या दिवशी पाहुणे बोलावू नयेत. नागलीच्या पिठाला चिकटपणा नाही, गार पाण्यात मळलं की थापतानाच कडा फाटतात, म्हणून पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालायचं, झाकून ठेवायचं, आणि हाताला चटका बसेल इतकं गरम असतानाच मळून घ्यायचं. तव्यावर टाकल्यावर वर पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची, उशीर झाला की भेगा पडतात आणि मग फुगत नाही. जमली की तूप लावून नुसती खाल्ली तरी चालते. शेजारची आजी सोबत असेल तर दोन दिवसांत हात बसतो, व्हिडिओ बघून नाही बसत. आणि घोटीच्या बाजारातून इंद्रायणी तांदूळ आणला तर रात्रीचा उरलेला भात सकाळी कांदा-मिरची-शेंगदाणे घालून परतला की पोरं पोहे विसरतात.

पावसाच्या तोंडावर आणि पुढं पावसाळ्यात रानभाज्या येतात, शेवळी, करटोली, कुरडू, टाकळा. शेवळीत काकड नावाच्या झाडाची फळं किंवा चिंच घातल्याशिवाय ती कुणाला खाऊ घालू नका, घसा खाजतो, जी बाई विकायला बसते तिलाच विचारा कशी करायची, ती आनंदानं सांगते.

आता त्र्यंबककडच्या अडचणी. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडं मीठ पाणी धरतं, गादीला वास येतो, आणि सरपण ओलं असेल तर चूल नुसती धुमसते. म्हाताऱ्या माणसाला दम्याचा त्रास असेल तर विषयच संपला, गॅस ठेवाच. आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये तिथल्या कित्येक पाड्यांना टँकर लागतो, उतारावर आणि काळ्या खडकावर पाणी टिकतच नाही. त्र्यंबक रस्त्यावर श्रावणी सोमवारची गर्दी असतेच, २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळं आणखी वाढणार, त्यामुळं घर बघायचं तर मेन रोडपासून आत.

निफाडकडची न्याहारी रांगडी. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांद्याच्या पातीची भाजी, धारेचं दूध, आणि थंडी कशी म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खायची तर याच बाजूला, वाटाणा, गाजर, वांगी, हरभरा सगळं जवळपासच्या वावरातलं. एकच लक्षात ठेवा, बाजरीचं पीठ टिकत नाही, आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागतं आणि भाकरी थापताना तुटते, थोडं थोडं दळून आणायचं. नागलीचं उलट, धान्य कणगीत वर्षानुवर्षं राहतं, किडा लागत नाही.

सोयीला पूर्व बाजू सरस. पिंपळगाव, लासलगाव, ओझर जवळ, दवाखाना जवळ, पाहुणे आले तर पटकन अंडी-पाव मिळतात. पण ‘शांत’ म्हणाल तर तसं काही नाही हं. द्राक्षाची ऑक्टोबरची छाटणी झाली की पहाटेपासून फवारणीचे ब्लोअरवाले ट्रॅक्टर सुरू, औषधाचा वास वाऱ्यावर घरात, आणि मालकाला तुमच्याशी गप्पा मारायला वेळ नसतो, त्याचा पैसा तेव्हा वेलीवर असतो. बागेतल्या काड्या सरपणाला फुकट मिळतात, पण वर्षभर फवारलेल्या काड्यांवर भाकरी भाजायला माझं मन होत नाही, बाभळीचं लाकूड विकत घेतलेलं बरं, निखारा पण चांगला धरतं. उसाची शेती असेल तिथं बिबट्याचं भय खरं आहे, अंधारात पोरांना एकटं सोडू नका, पहाटेची हौस उजाडल्यावर करा.

तिसरा मार्ग पण आहे, जो मला अजिबात कमी वाटत नाही. गंगापूर रोड, मखमलाबादकडं मळ्यात चुलीवरची मिसळ मिळते, पापड, दही, कांदा, झाडाखाली बाजा टाकलेल्या, दहाला जा बाराला घरी. घरात भाकरी करणारी बाई एकच असेल आणि बाकीचे सगळे खाणारे, तर गावाकडच्या घरापेक्षा हेच घ्या, नाहीतर तुमचा निवांतपणा तिच्या कमरेवर निघतो. आमच्याकडं पुरुषांनी पीठ मळायला घेतलं तेव्हा कुठं हे सगळ्यांना मजेशीर वाटायला लागलं.

माझं मत विचाराल तर लहान मुलं आणि सासूबाई बरोबर असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निफाड-दिंडोरी, पण द्राक्षबागेला चिकटून नको, गव्हा-कांद्याच्या वावरात. दोघंच असाल किंवा मुलं मोठी असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्र्यंबकच्या आतलं एखादं गाव, पाऊस ओसरत आलेला असतो आणि भात पिवळा पडायला लागलेला असतो. विकत घ्यायची घाई करू नका, शेतजमिनीला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो आणि आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी परवानगीशिवाय इतरांना घेता येत नाही, एजंट काहीही सांगू दे. आधी एक सीझन भाड्यानं राहा. आणि घर बघायला जाल तेव्हा गावातली गिरणी किती लांब आहे आणि थ्री-फेज लाईट कधी असते हे मालकाला नाही, मालकिणीला विचारा.